एक टिचकी की दोन?

भोसरीहून मोशी, चाकण करीत राजगुरुनगरकडे जाणाऱ्या एस.टी.च्या गाडीत तुम्ही कधी ना कधी बसला असाल. थांबा जवळ आला की कंडक्टर डोक्यावरची दोरी एकदा ओढतात. ‘टण्’ असा एक आवाज होतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतात. उतारू उतरले, नवे चढले, दार लागले, की कंडक्टर दोरी दोनदा ओढतात. ‘टण् टण्’ होते आणि गाडी चालू लागते. एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंट्या म्हणजे चला. हा संकेत लहान मुलांनाही ठाऊक असतो, एस.टी.चा खेळ खेळताना तीही ‘डबल बेल’ देतात.

आता जरा विचार करा. नुसती एक घंटी आणि दोन घंट्यांमधली पहिली घंटी, ह्यांच्या आवाजात काही फरक असतो का? मुळीच नाही. मग पहिला ‘टण्’ कानी पडला, त्या क्षणी ड्रायव्हरला कसे कळावे की आणखी एक ‘टण्’ येणार आहे की नाही?

नेमका हाच प्रश्न संगणकापुढे दिवसातून शेकडो वेळा उभा राहतो. माउसची कळ एकदा दाबली की एक काम व्हायचे असते आणि पाठोपाठ दोनदा दाबली की दुसरेच. पहिल्या टिचकीच्या क्षणी संगणकाला हा भेद कसा कळतो? प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. मलाही तो तसाच वाटला होता. पण माझ्या एका विद्यार्थिनीने तो माझ्यापुढे ज्या रीतीने आणला, त्यानंतर तो मला किरकोळ वाटेनासा झाला.

एका स्टोअरमधील घोळ

ह्या मुलीचे वडील चाकण भागातल्या एका लहान कारखान्यात स्टोअर सांभाळतात. पूर्वी ते दुसरीकडे प्रेसवर काम करीत. पत्रा कापणारी ती प्रेस पायाच्या पेडलवर चालणारी होती. एके दिवशी त्यांनी पेडल एकदाच दाबले, पण प्रेसचा वरचा भाग, ज्याला रॅम म्हणतात, तो दोनदा खाली आला. पहिल्या ठोक्यानंतर तयार तुकडा काढायला त्यांनी हात आत घातला होता. उजव्या हाताची दोन बोटे अर्धी गेली.

मुलीने शिकता शिकता वडिलांच्या स्टोअरसाठी संगणकाचा एक छोटा कार्यक्रम तयार केला होता. पडद्यावर वॉशर, बोल्ट, बुश अशा वस्तूंची यादी दिसे. एखाद्या नावावर एकदा टिचकी मारली की त्या वस्तूची एक पेटी साठ्यातून वजा होई; दोनदा मारली की त्या वस्तूची सगळी माहिती उघडे. पण महिन्याअखेरीस हिशेब जुळेना. संगणक म्हणे, इतक्या पेट्या दिल्या गेल्या. पण तेवढ्या पावत्या फाइलीत नव्हत्या. सुपरवायझरनी साहजिकच विचारले, “मग ह्या पेट्या दिल्या कोणाला?” प्रामाणिक माणसाला असा प्रश्न किती लागतो, हे सांगायला नको.

मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, “सर, बाबांना दोन टिचक्या पटापट मारता येत नाहीत. बोटे अर्धी आहेत ना!”

मी तिला म्हणालो, “थोडा सराव करायला सांग त्यांना, जमेल.” हे माझे उत्तर चुकीचे होते. का चुकीचे होते, ते समजण्यासाठी आपण टिचकीच्या पोटात शिरू या.

टिचकी म्हणजे काय?

माउसच्या कळीखाली एक लहानसा स्विच असतो. त्यात धातूची एक पातळ, लवचिक पट्टी असते. कळ दाबली की पट्टी वाकते, दुसऱ्या धातूच्या टोकाला टेकते आणि विद्युत्‌मंडल पूर्ण होते. बोट उचलले की पट्टी मागे येते आणि मंडल तुटते. ह्यावरून एक गोष्ट ध्यानात घ्या: टिचकी ही एक घटना नसून दोन घटना आहेत, कळ दाबली जाणे आणि कळ सोडली जाणे. संगणक ह्या दोन्हींची नोंद घेतो. प्रत्येक नोंदीबरोबर दोन गोष्टी येतात, घटना किती वाजता घडली आणि त्या वेळी माउसचा बाण पडद्यावर कोठे होता.

येथे सेकंद हे एकक फार मोठे पडते. म्हणून आपण मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, हे एकक वापरू. ५०० मिलिसेकंद म्हणजे अर्धा सेकंद.

कळ एकदा दाबली, पण मंडल किती वेळा जुळले?

फरशीवर एक गोटी टाका. ती एकदाच टाकलेली असते, पण ती टक् टक् टक् करीत अनेकदा उसळते. प्रत्येक उसळी आधीच्या उसळीपेक्षा लहान असते आणि शेवटी गोटी स्थिर होते. स्विचमधली धातूची पट्टी असेच करते. दुसऱ्या टोकावर आदळून ती सूक्ष्म प्रमाणात उसळते, पुन्हा टेकते, पुन्हा उसळते. ही सगळी धडपड साधारणतः काही मिलिसेकंदांत संपते. आपल्याला ती जाणवत नाही, पण विद्युत्‌मंडलाला जाणवते. तुम्ही कळ एकदा दाबलीत तरी मंडल चार-पाच वेळा जुळते आणि तुटते.

हे सगळे स्पंद जसेच्या तसे मोजले तर एका टिचकीच्या पाच टिचक्या होतील. म्हणून त्यांना गाळावे लागते. एक उपाय पदार्थविज्ञानाचा आहे. स्विचला एक रोधक आणि एक धारित्र (दुरुस्तीवाले ज्याला कंडेन्सर म्हणतात ते) जोडायचे. समजा, रोधक १० किलोओहमचा आणि धारित्र १ मायक्रोफॅरडचे आहे. दोहोंचा गुणाकार करा:

१०,००० × ०.०००००१ = ०.०१ सेकंद, म्हणजेच १० मिलिसेकंद.

ह्याला त्या मंडलाचा कालांक म्हणतात. धारित्र भरायला आणि रिकामे व्हायला साधारण इतका वेळ लागत असल्याने त्याहून क्षणिक उसळ्या त्याच्या विभवात दिसतच नाहीत. खड्ड्यांच्या रस्त्यावर मोटारीची स्प्रिंग जे काम करते तेच काम येथे धारित्र करते.

दुसरा उपाय गणिताचा आहे. मंडल पहिल्यांदा जुळले की ‘कळ दाबली’ अशी नोंद करायची आणि पुढचे, समजा, १० मिलिसेकंद डोळे मिटून घ्यायचे. त्या काळात काहीही झाले तरी मोजायचे नाही. माउसमधला लहानसा संस्कारक बहुधा हेच करतो. स्विच झिजला की पट्टीची उसळी जास्त वेळ टिकते आणि ह्या मर्यादेच्या बाहेर जाते. जुना माउस एकदा दाबला असता कधीकधी दोनदा दाबल्यासारखे वागतो, त्याचे कारण हेच.

आता ही १० मिलिसेकंदांची मर्यादा निर्धास्तपणे का घालता येते, ते पाहा. माणसाने शक्य तितक्या जलद बोट आपटले तरी ते सेकंदाला सहा-सात वेळाच आपटता येते. म्हणजे दोन आघातांत सुमारे १५० मिलिसेकंदांचे अंतर पडतेच. पट्टीची उसळी काही मिलिसेकंदांची आणि बोटाची हालचाल शंभराहून अधिक मिलिसेकंदांची. ह्या दोहोंच्या मध्ये मोठी मोकळी जागा आहे. त्या मोकळ्या जागेत कोठेही रेघ मारली तरी चालते. ही सीमा निसर्गानेच आखून दिली आहे.

माणसाने आखलेली सीमा

पण पुढची सीमा तशी नाही. दोन टिचक्या किती जवळ आल्या म्हणजे त्यांना ‘जोडी’ म्हणायचे आणि किती दूर गेल्या म्हणजे ‘दोन सुट्या टिचक्या’ म्हणायचे? येथे निसर्ग काहीच सांगत नाही. कोणाचे बोट जलद, कोणाचे संथ. तरुणाचे वेगळे, आजोबांचे वेगळे. म्हणून येथे एक आकडा ठरवूनच घ्यावा लागतो. विंडोज ह्या सर्वपरिचित प्रणालीत हा आकडा, आपण तो बदलला नसेल तर, ५०० मिलिसेकंद असतो. पहिल्यांदा कळ दाबल्यापासून दुसऱ्यांदा दाबेपर्यंतचा काळ त्याहून जास्त नसेल तर जोडी, नाहीतर दोन सुट्या टिचक्या.

दोन उदाहरणे घेऊ. समजा, एका मुलाच्या टिचक्यांची नोंद अशी आहे:

० मिलिसेकंद: कळ दाबली
८० मिलिसेकंद: कळ सोडली
२२० मिलिसेकंद: कळ दाबली
३०० मिलिसेकंद: कळ सोडली

दाबण्यापासून दाबण्यापर्यंत २२० मिलिसेकंद झाले. ही जोडी आहे. आता दुसरी नोंद पाहा:

० मिलिसेकंद: कळ दाबली
१५० मिलिसेकंद: कळ सोडली
६२० मिलिसेकंद: कळ दाबली
७८० मिलिसेकंद: कळ सोडली

येथे अंतर ६२० मिलिसेकंद आहे. करणाऱ्याच्या मनात जोडीच होती, पण संगणक तिला दोन सुट्या टिचक्या मानतो.

काळाप्रमाणेच जागेचीही अट असते. दोन टिचक्यांच्या मध्ये बाण फार सरकलेला चालत नाही. विंडोजमध्ये ही चौकट मुळात पडद्यावरच्या अवघ्या चार ठिपक्यांच्या रुंदीची असते. ज्याला कळ दाबायला जोर लावावा लागतो, त्याचा सारा माउसच किंचित हलतो आणि वेळ साधूनही जोडी फुटते.

आमच्या स्टोअरमधल्या गृहस्थांचे दुखणे आता तुमच्या ध्यानात आले असेल. अर्ध्या बोटाने कळ दाबायला वेळही लागे आणि माउसही हले. सराव करून माणसाने यंत्राच्या ठरीव आकड्यापाशी यावे, असे मी सुचवले होते. पण तो आकडा काही निसर्गाचा नियम नव्हे. माणसाने ठरवलेला आकडा माणसासाठी बदलता आला पाहिजे. आणि तो बदलता येतोही! माउसच्या सेटिंगमध्ये डबल-क्लिकच्या वेगाची एक सरकपट्टी असते. ती सरकवून ही मर्यादा २०० पासून ९०० मिलिसेकंदांपर्यंत कोठेही ठेवता येते. शिवाय एकदा टिचकी मारून वस्तू निवडायची आणि मग कळफलकावरची एंटर कळ दाबायची, हा मार्ग तर पुष्कळ ठिकाणी खुला असतो. त्याला घाई लागतच नाही.

पण एवढ्याने घोळ मिटला का?

नाही. सरकपट्टी हलवल्यावर वडिलांच्या जोड्या जुळू लागल्या, माहितीही उघडू लागली. पण हिशेबातली चूक पूर्ण गेली नाही, फक्त निम्म्यावर आली. पूर्वी जोडी फुटली की दोन पेट्या वजा होत. आता जोडी जुळली तरी एक पेटी वजा होतच होती. म्हणजे चूक बोटांची नव्हतीच. चूक कार्यक्रमात होती, आणि ती ड्रायव्हरच्या त्या पहिल्या ‘टण्’मध्ये दडलेली होती.

पहिली टिचकी पडली त्या क्षणी दुसरी येणार की नाही, हे संगणकाला ठाऊक नसते. भविष्य कोणत्याच यंत्राला दिसत नाही. म्हणून संगणक पहिल्या टिचकीची वर्दी कार्यक्रमाला ताबडतोब देऊन टाकतो. मग दुसरी वेळेत आली तर ‘ही जोडी होती’ अशी दुसरी वर्दी देतो. जोडी म्हणून मारलेल्या टिचक्यांच्या वर्द्यांचा क्रम असा असतो: दाबली, सोडली, जोडीची दाबली, सोडली. पहिल्या दोन वर्द्या अगदी सुट्या टिचकीसारख्याच असतात. तेव्हा ‘सुटी टिचकी आली की पेटी वजा करा’ असे सांगितलेला कार्यक्रम जोडीच्या पहिल्या टिचकीलाही पेटी वजा करून मोकळा होतो.

ह्यावर दोन तऱ्हेचे उपाय आहेत.

पहिली तऱ्हा थांबण्याची. तिच्या पायऱ्या अशा:

१. टिचकी आली की लगेच काही करू नका. वेळ आणि जागा नोंदवा आणि ५०० मिलिसेकंदांचे घड्याळ सुरू करा.
२. घड्याळ संपण्याच्या आत त्याच जागी दुसरी टिचकी आली, तर घड्याळ बंद करा आणि जोडीचे काम करा.
३. घड्याळ संपले आणि दुसरी टिचकी आली नाही, तर सुट्या टिचकीचे काम करा.
४. दुसरी टिचकी आली पण दूरच्या जागी, तर पहिलीचे सुटे काम आटपा आणि दुसरीसाठी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करा.

ही रीत बिनचूक आहे, पण तिची किंमत मोजावी लागते. प्रत्येक सुट्या टिचकीला अर्ध्या सेकंदाची दिरंगाई होते. समजा, कोणी दिवसात १,२०० सुट्या टिचक्या मारतो. १,२०० × ०.५ = ६०० सेकंद, म्हणजे रोजची दहा मिनिटे नुसती वाट पाहण्यात गेली. त्यातही ज्याने आपल्या संथ बोटांसाठी मर्यादा ९०० वर नेली आहे त्याला तर जवळजवळ दुप्पट थांबावे लागेल. सोय ज्याच्यासाठी केली त्यालाच तिचा भुर्दंड!

दुसरी तऱ्हा एस.टी.च्या ड्रायव्हरची. ते पहिला ‘टण्’ ऐकून काय करतात? गाडी उभी असेल तर पहिल्या घंटीला करण्यासारखे काहीच नसते. ‘थांबा’ म्हटले, आणि गाडी थांबलेलीच आहे. दुसरी घंटी आली की निघायचे. गाडी चालू असेल तर पहिल्या घंटीला पाय ब्रेककडे वळतो. चुकून दुसरी आलीच तर वेग पुन्हा वाढवता येतो, काही बिघडत नाही. हा संकेत किती शहाणपणाचा आहे, ते पाहा. पहिल्या घंटीचे काम असे नेमले आहे की ते लगेच करून टाकले तरी धोका नाही, आणि पुढे दुसरी घंटी आली तर ती त्या कामाला विरोध न करता त्याच्या पुढची पायरी ठरते. एक घंटी म्हणजे ‘चला’ आणि दोन म्हणजे ‘थांबा’ असा उलटा संकेत ठेवला असता तर काय झाले असते, ह्याची कल्पना तुम्हीच करा. थांबण्याच्या प्रत्येक खुणेची सुरुवात ‘चला’ने झाली असती.

संगणकाच्या पडद्यावरही चांगले कार्यक्रम हेच करतात. फाइलीच्या चित्रावर एक टिचकी मारली की फाइल निवडली जाते; दोन मारल्या की उघडते. निवडणे निरुपद्रवी आहे, आणि उघडण्यापूर्वी निवडावे लागतेच. त्यामुळे पहिल्या टिचकीला थांबावे लागत नाही आणि दुसरीमुळे पहिलीचे काम पुसावे लागत नाही.

माझ्या विद्यार्थिनीने आपला कार्यक्रम ह्याच तत्त्वावर बदलला. एका टिचकीला वस्तूचे नाव फक्त ठळक होते. जोडीला माहिती उघडते. आणि पेटी वजा करण्यासाठी माहितीच्या पानावर एक निराळी कळ ठेवली आहे. ती दाबली की पावतीचा क्रमांक विचारला जातो. पावती नसेल तर पेटी हलत नाही. पुढच्या महिन्यात हिशेब जुळला. सुपरवायझरनी काही बोलून दाखवले नाही, पण प्रश्न विचारणे थांबवले.

ही जोडी आली कोठून?

माउसचा जन्म अमेरिकेतला. डग्लस एंजेलबार्ट ह्यांच्या कल्पनेवरून त्यांचे सहकारी बिल इंग्लिश ह्यांनी १९६० नंतरच्या दशकात पहिला माउस बनवला. त्याची पेटी लाकडी होती, खाली दोन चाके होती आणि वर एकच कळ होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंजेलबार्ट ह्यांनी तो जाहीरपणे चालवून दाखवला. तोपर्यंत त्याला तीन कळी झाल्या होत्या. त्याचे पेटंट त्यांना १९७० मध्ये मिळाले.

पुढे ॲपल कंपनीने १९८३ मध्ये लिसा हा संगणक बाजारात आणला तेव्हा त्याच्या माउसला मुद्दाम एकच कळ ठेवली, म्हणजे नवख्या माणसाचा गोंधळ होऊ नये. पण कळ एक आणि करायची कामे अनेक! मग त्याच कळीला वेळाची मिती जोडली गेली. एकदा दाबणे वेगळे, पाठोपाठ दोनदा दाबणे वेगळे. दुहेरी टिचकीच्या ह्या कल्पनेचे श्रेय सामान्यतः तेथील बिल ॲटकिन्सन ह्यांना देतात. १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकाबरोबर ही पद्धत पुष्कळ घरांत पोचली. कळींची संख्या वाचली खरी, पण तिच्या बदल्यात माणसाच्या बोटाच्या वेगावर एक अट येऊन बसली. तारायंत्राच्या जमान्यातही असेच होते. तारमास्तरांची कळ एकच, पण थोडा वेळ दाबली की ‘ठिपका’ आणि तिप्पट वेळ दाबली की ‘रेघ’. त्यावर सारी मुळाक्षरे चालत.

पुन्हा प्रेसकडे

आता शेवटी त्या पहिल्या अपघाताकडे वळू या. पेडल एकदा दाबले आणि ठोके दोन पडले. माउसच्या झिजलेल्या स्विचने एका दाबाच्या दोन टिचक्या कराव्यात, तसेच झिजलेल्या क्लचच्या प्रेसने एका दाबाचे दोन ठोके केले. माउसच्या चुकीने एक पेटी वजा होते. प्रेसच्या चुकीने बोटे जातात.

म्हणून प्रेससाठी कळीची रचना निराळ्या विचाराने करतात. पेडलऐवजी समोर दोन बाजूंना दोन कळी असतात आणि दोन्ही हातांनी दोन्ही कळी दाबल्याखेरीज रॅम खाली येत नाही. हात कळींवर असले की ते साच्यात असू शकत नाहीत, हे उघड आहे. पण माणूस मोठा उपद्‌व्यापी! कामाची गती वाढावी म्हणून कोणी एक कळ तारेने कायमची दाबून बांधून ठेवली तर? एक हात मोकळा झाला आणि सुरक्षा संपली. ह्यावरचा उपाय वाचून तुम्हांला ओळखीचे काहीतरी सापडेल. आयएसओ १३८५१ ह्या आंतरराष्ट्रीय मानकातील वरच्या प्रकारच्या रचनेत दोन्ही कळी एकमेकींपासून ०.५ सेकंदाच्या आत दाबल्या गेल्याच पाहिजेत, अशी अट आहे. शिवाय पुढच्या ठोक्यापूर्वी दोन्ही सोडल्या गेल्या पाहिजेत. तारेने बांधलेली कळ तर केव्हाचीच दाबलेली असते. अर्ध्या सेकंदाची अट तिला पकडते आणि प्रेस चालतच नाही.

आकडा तोच, अर्धा सेकंद. पण विचाराची दिशा पाहा. माउसच्या बाबतीत संशय आला तर संगणक काहीतरी काम करूनच टाकतो. प्रेसच्या बाबतीत संशय आला तर काहीच करायचे नाही, जागच्या जागी थांबायचे. जेथे चूक महाग पडते तेथे संशयाचे माप नेहमी सुरक्षित बाजूला टाकायचे.

कळी साच्यापासून किती दूर असाव्यात, हेही गणिताने निघते. अशा हिशेबांत हाताचा वेग सेकंदाला १.६ मीटर धरतात. कळ सोडल्यापासून रॅम थांबायला समजा ०.२ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात हात १.६ × ०.२ = ०.३२ मीटर, म्हणजे ३२ सेंटिमीटर जातो. कळ ह्याहून जवळ असेल तर कळ सोडून हात धावत जाऊन रॅमखाली सापडू शकतो. प्रत्यक्षात ह्या अंतरात आणखी भर घालतात.

मात्र एक गोष्ट विसरू नका. कळ कितीही शहाणी असली तरी क्लचच झिजलेला असेल तर आपोआप पडणारा दुसरा ठोका तिला अडवता येत नाही. त्यासाठी साच्यापुढे जाळीचा भक्कम आडोसा हवा आणि क्लच-ब्रेकची वेळच्या वेळी तपासणी हवी. यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण घालण्याचे बंधन आपल्या देशात १९४८ च्या कारखाने अधिनियमानेच घातले होते. ज्या प्रेसवर ही हकिगत घडली, तिला जाळी नव्हती.

करून पाहा

एका दोऱ्याला लहानसा दगड बांधा. टांगलेल्या टोकापासून दगडाच्या मध्यापर्यंतचे अंतर २५ सेंटिमीटर ठेवा. लंबकाचे सूत्र वापरून त्याचा आवर्तकाल काढा. तो जवळजवळ १ सेकंद येतो. दहा आंदोलने मोजून खात्री करून घ्या. म्हणजे ह्या लंबकाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला अर्धा सेकंद लागतो, आणि हीच ५०० मिलिसेकंदांची मर्यादा! दगड एका टोकाला असताना बाकावर एक टिचकी मारा आणि तो दुसऱ्या टोकाला पोचण्याच्या आत दुसरी. सहज जमते ना? आता हाच प्रयोग डाव्या हाताच्या करंगळीने करा. मग हातात जाड मोजा घालून करा. घरातल्या आजी-आजोबांनाही करायला सांगा आणि मर्यादा कोणाला पुरते, कोणाला नाही, त्याचा तक्ता मांडा. शिक्षकांनी हे तक्ते वर्गात एकत्र करून एकच प्रश्न विचारावा: सर्वांसाठी एकच आकडा ठेवायचा तर तो कोणता, आणि त्यात कोण वगळले जाईल?

आणखी दोन प्रश्न तुमच्यासाठी. कोणी पाठोपाठ तीन टिचक्या मारल्या तर वर दिलेल्या चार पायऱ्यांनुसार संगणक त्यांचा अर्थ काय लावील? आणि तुमच्या घरातल्या, शाळेतल्या किंवा रस्त्यावरच्या कोणत्या संकेतांत ‘एकदा’ आणि ‘दोनदा’ ह्यांचे अर्थ वेगळे आहेत? त्यांतला पहिला अर्थ निरुपद्रवी आहे की नाही, हे तपासून पाहा. नसेल, तर तो संकेत कोणी ठरवला आणि तो बदलता येईल का, हेही विचारा.